दहाव्याचे साहेब

नवा धंदा काढणाऱ्या माणसाला लोक काय काय विचारतात. जागा कुठली, भांडवल कुणाचं, गिऱ्हाईक कोण. टिपरे साहेब यातलं काहीच विचारत नसत. ते सायकल भिंतीला टेकवत, धोतराला लावलेला चिमटा काढून कोटाच्या खिशात टाकत आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत शांतपणे म्हणत, "बरं, मिटवणार कसा?"

आपल्याकडे रात्री दुकानाला कुलूप लावतानासुद्धा कुणी 'बंद करतो' म्हणत नाही. आणि हा माणूस, ज्याला सरकारने धंदे उभे करायला पगार देऊन नेमलंय, तो नारळ फुटायच्या आधी मिटवायची गोष्ट काढतो! एका सुताराच्या आईने तर त्यांच्या पाठीमागे मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या होत्या. साहेबांनी मागे वळून पाहिलं आणि म्हणाले, "आजी, थोड्या मोहऱ्या ठेवा. पुढे लागतील."

ते पहिल्या-दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचे दिवस. पिंपरी-चिंचवडच्या माळावर मोठमोठे कारखाने पाया घालत होते. त्यांच्या आसपास छोट्या कारागिरांनीही उभं राहावं म्हणून सरकारने आमच्याकडे एक मदत केंद्र काढलं. चिंचवड स्टेशनजवळ, धान्याच्या दुकानावर दोन खोल्या. हप्त्याने यंत्र मिळवून द्यायचं, विजेच्या जोडणीची शिफारस करायची, मालाचा भाव कसा काढायचा ते शिकवायचं, असं केंद्राचं काम. केंद्र म्हणजे टिपरे साहेब. त्यांनी मान हलवली की लोखंड कातायची लेथ दारात. नाही हलवली की झिजवा जिन्यावर चपला.

मी झिजवल्या.

मी मूळचा निघोज्याचा. घरात जमीन कमी आणि भाऊ जास्त, म्हणून खडकीला एका वर्कशॉपात लोखंड उचलायला लागलो. लेथ मला कुणी शिकवली नाही. दुसऱ्याच्या खांद्यावरून बघून बघून शिकलो, आणि बघतो म्हणून शिव्या खाल्ल्या. मग चिंचवडला रुळांच्या पलीकडे पत्र्याची शेड टाकली. आत एक ऐरण आणि भंगारातून आणलेलं ड्रिल. लेथ असती तर इंजिनाचे बुश, म्हणजे आतल्या पितळी कड्या, करता आले असते आणि मोठ्या कारखान्याचं काम मिळालं असतं. लेथ नाही म्हणून मी कडीकोयंडे करत बसलो होतो.

माझी खरी विद्या लेथ नव्हे, भाव करणं. आपला भाव सांगायचा, समोरच्याचा ऐकायचा, तोंड वाकडं करायचं, उठायचं आणि चालू लागायचं. कोपऱ्यापर्यंत जायच्या आत हाक येतेच. ते ड्रिल मी तसंच घेतलं, शेडचे पत्रे तसेच घेतले. बायकोच्या माहेरच्यांसमोरूनही मी असाच उठून चालू लागलो होतो आणि मांडवापाशी हाक आली होती.

टिपरे साहेबांपुढे ही विद्या चालेना.

"मिटवणार कसा?"

"साहेब, अजून उघडलंय कुठं?"

"म्हणून तर आत्ता विचारतो. उघडल्यावर कुणी सांगत नाही."

"मी काय मिटवायला काढतोय का धंदा?"

"कुणीच काढत नाही." खिशातून भुईमुगाच्या शेंगा काढायच्या, एकेक सोलायची, फोलं दुसऱ्या खिशात. "हं. पुढे?"

मी उठलो आणि चालू लागलो. हाक आली नाही. मी जिना उतरून खाली धान्याच्या दुकानात उगाच ज्वारीचा भाव विचारला. वरून फक्त शेंगा फुटल्याचा आवाज.

असं वर्षभर चाललं. त्या वर्षात पिंपरीच्या कँपातल्या लोकूमलला लेथ मिळाली. हा सिंधमधून आलेला, तिकडे त्याचं पंप दुरुस्तीचं दुकान होतं. माझ्यानंतर केंद्राचा जिना चढला आणि माझ्या आधी लेथ घेऊन उतरला. मी त्याला रस्त्यात गाठलं. "काय रे, काय चारलंस साहेबाला?"

"काही नाही, भाऊ. साहेबाने विचारलं, मिटवणार कसा. मी बोललो, साहेब, एकदा मिटवलंय. कुलूप लावलं, चावी शेजाऱ्याला दिली. शेजारी रडला. बस."

"आणि?"

"आणि साहेबाने सही केली."

मी भडकलो. म्हणजे ज्याचं बुडालंय त्याला यंत्र, आणि ज्याला पोहायचंय त्याने काठावर बसायचं! तसाच केंद्रावर गेलो आणि टेबलावर हात आपटून म्हणालो, "लिहा! धंदा बुडाला तर लेथ त्या लोकूमलला देईन, माझी माणसं कुठंतरी चिकटवीन आणि परत खडकीला लोखंड उचलीन! झालं समाधान?"

टिपरे साहेबांनी शेंगदाणा तोंडात टाकला. "झालं. एवढंच हवं होतं."

खंडेनवमीला लेथची पूजा केली. निघोज्याहून मामा आले, भावकी आली, शेजारचे आले. झेंडूच्या माळा, पेढे, आत पाय ठेवायला जागा नाही. टिपरे साहेब मागे दाराशी उभे, हात बांधून. मामांनी मला कोपराने ढोसलं. "आरं, ह्यो कोन दहाव्याला आल्यावानी हुबा हाय?"

तेव्हापासून त्यांचं नाव दहाव्याचे साहेब पडलं. मीच पसरवलं.

मी त्यांच्यापुढे पेढा धरला. "आज नको," ते म्हणाले. "वर्षाने येऊन खाईन." आणि खरंच, पुढच्या खंडेनवमीला सायकल दारात. चिमटा काढला, खिशात टाकला आणि म्हणाले, "शेवाळे, माझा पेढा?" दोन खाल्ले.

त्या वर्षात माझं चांगलं चाललं होतं. एका इंजिनाच्या कारखान्याला मी बुश देत होतो. तीन माणसं हाताखाली. दुसरी कामं आली तर नाही म्हणायचो. एवढा मोठा कारखाना मिळाल्यावर उसाच्या चरकाचे दांडे कोण कातत बसणार? साहेब येऊन शेंगा सोलत म्हणायचे, "एकच गिऱ्हाईक?" मी म्हणायचो, "एकच बायको असते, साहेब. चालतं ना?" ते हसायचे नाहीत.

मग कारखान्याच्या खरेदीच्या साहेबाने भाव पाडून मागितला. टाय लावलेला माणूस, माझ्यापेक्षा लहान. मी त्याला पितळेचा भाव सांगितला, मजुरी सांगितली. तो म्हणाला, एवढ्यालाच परवडतं. मी तोंड वाकडं केलं, उठलो आणि चालू लागलो.

त्या कारखान्याचं आवार फार लांब आहे. दोन्ही बाजूंना नवी लावलेली रोपं. मी सावकाश चाललो. फाटकापाशी सायकलची चेन ठीकच होती, तरी वाकून ती काढली आणि परत बसवली. पहारेकरी म्हणाला, "काय राव, विसरलं काय?" मी म्हणालो, "मी न्हाई, ते विसरलेत." पण मागे त्या साहेबाच्या खिडकीत कुणी उभंही नव्हतं. बाजारात माणूस उठला की दुकानदाराचा जीव वर-खाली होतो. कारखान्यात माणूस उठला की त्याची खुर्ची दुसऱ्याला देतात.

पुढच्या आठवड्यापासून भोसरीकडच्या एका शेडमधून त्यांना बुश जाऊ लागले.

टिपरे साहेब आले. पहिल्यांदाच शेंगा न काढता बोलले. "शेवाळे, परत जा. त्यांचा भाव घ्या."

"मी उठलोय, साहेब. उठलेला माणूस परत बसला तर त्याला किंमत राहत नाही."

"कोण बघतंय?"

"मी बघतोय ना!"

आजही माझं म्हणणं तेच आहे. माझा भाव रास्त होता. पण रास्त भावावर चूल पेटत नाही. चरकवाले दुसरीकडे गेले होते, पंपवाल्यांना माझं नाव माहीत नव्हतं. एकेक करून माणसांना म्हणालो, उद्या येऊ नको. वीज तुटली. माळांनी सजलेल्या लेथपुढे ज्यांनी पेढे खाल्ले होते ते रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागले. मामांना निरोप धाडला. उलट निरोप आला, "पेरणी चाललीय, मागनं यतो." पेरणी होऊन गेली होती.

घरात मी बोलेनासा झालो. दिवसभर शेडमध्ये बंद लेथपुढे बसून राहायचो. बायको भाकरी घेऊन यायची आणि तशीच घेऊन जायची. एकदा दारातून म्हणाली, "आवं, काय ते मोठ्यानं भांडा तरी. गप बसू नगा."

अशाच एका दुपारी टिपरे साहेब आले. बरोबर लोकूमल आणि त्याची हातगाडी. माझं डोकं फिरलं. "जप्ती आणली काय?"

"जप्तीला दुसरा माणूस असतो," साहेब म्हणाले. "मी मिटवायला आलोय."

त्यांनी कोट काढून खिळ्याला टांगला. धोतर वर खोचलं. मग त्या माणसाने, माझ्यापेक्षा वयाने मोठ्या माणसाने, माझी शेड झाडली. लेथला तेल लावलं, चिंध्यांनी पुसली, गोणपाटात बांधली. मध्येच सांगितलं की माझ्या तिघांपैकी दोघांना लोकूमलकडे जागा आहे आणि तिसऱ्याची आळंदी रस्त्यावरच्या आरा गिरणीत सोय केली आहे. कधी केलं हे सगळं, कुणास ठाऊक.

लोकूमलने लेथचा भाव सांगितला. माझ्या अंगात थोडा जीव आला. मी तोंड वाकडं करायला लागलो, तेवढ्यात टिपरे साहेब म्हणाले, "आज नाही, शेवाळे. दिली." पहिल्या बोलीला! सांगणाऱ्यालाही अपेक्षा नसते की कुणी पहिल्या बोलीला हो म्हणेल. लोकूमलसुद्धा चपापला. हे मी टिपरे साहेबांना कधी माफ केलेलं नाही, करणारही नाही. मी नुसता जोत्यापर्यंत गेलो असतो तरी भाव चढला असता.

हातगाडी गेली. साहेबांनी कोट घातला आणि हात पुढे केला. "शेडची किल्ली द्या."

"का म्हणून? शेड माझी आहे. लेथ गेली, शेड नाही गेली."

"शेड तुमचीच. किल्ली माझ्याकडे. इथे एकट्याने बसायचं नाही."

"तुम्ही कोण सांगणार?"

"सरकार," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मी किल्ली फेकली, ती त्यांनी वाकून उचलली.

ऊन कलत होतं. रूळ ओलांडून कडेकडेने गेलं की माझं घर लगेच येतं. मी तिकडे वळलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "रस्त्याने जाऊ."

"लांब पडतं."

"पडू दे."

"साहेब, हात सोडा. पोरगं आहे काय मी?"

त्यांनी हात सोडला नाही. एका हातात सायकल, दुसऱ्या हातात मी, अशी आमची वरात मोठ्या रस्त्याने निघाली. मालमोटारी धूळ उडवत जात होत्या. मी त्यांना वाट्टेल ते बोललो. दहाव्याचे साहेब म्हणालो, अपशकुनी म्हणालो, तुमच्या तोंडामुळे माझा धंदा बसला म्हणालो. ते चालत राहिले. रेल्वे फाटकातून गाडी शिटी देऊन गेली तेव्हा त्यांची पकड इतकी घट्ट झाली की मला कळ आली.

गाडीचा आवाज विरल्यावर ते म्हणाले, "माझ्या धाकट्या भावाचा साबणाचा कारखाना होता. मिरजेकडे. उघडला तेव्हा गाव जेवलं. मिटला त्या दिवशी कुणी गेलं नाही. मीही नाही. मला कचेरी होती." थोडं चालल्यावर म्हणाले, "तो रुळाच्या वाटेने घरी निघाला होता."

घर येईपर्यंत मी पुन्हा शिव्या दिल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून टिपरे साहेब रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊ लागले. कधी विजेचा अर्ज राहिलाय म्हणून, कधी लोकूमलचा निरोप म्हणून, कधी नुसतं दारात उभं राहून "आहेत ना?" एवढंच विचारायचे. मी असायचोच. हळूहळू मी ओसरीवर पंप दुरुस्त करायला लागलो. चरकवाल्यांकडे स्वतः गेलो. लोकूमलच्या शेडमध्ये, माझ्याच लेथवर, पाळी लावून काम करू लागलो आणि वेळेवरून त्याच्याशी रोज भांडू लागलो. किल्ली परत मिळाली.

तरी साहेबांचं येणं थांबेना. निमित्तं संपली तरी ते यायचे. ओसरीच्या कडेला बसायचे, शेंगा सोलायचे, दिवे लागले की जायचे. लोक हसायला लागले. एकदा मला राहवलं नाही.

"साहेब, मी काही मरत नाही आता. कशाला रोज पायपीट करता?"

ते चपला काढत होते. खाली बघतच म्हणाले, "ठाऊक आहे. आता तुमच्यासाठी नाही येत."

आत परातीत आणखी दोन मुठी पीठ घेतल्याचा आवाज आला, आणि बायको हाक मारून म्हणाली, "सायेब, हात धुवा. गरम हाय तवर बसा."