गोळपच्या चढणीवरचं गाऱ्हाणं

"आत्या, काटा लाल झालाय!"

"घड्याळाचा?"

"इंजिनाचा!"

गोळपची चढण निम्मी झाली होती आणि बॉनेटमधून वाफ निघत होती. साडेदहा वाजले होते. अकराला पूर्णगडात तेजस्वीला बघायला पोचायचं होतं. तिचे वडील रावजी बोटीवर इंजिनखात्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. आधीचं एक स्थळ वीस मिनिटं उशिरा आलं, तर त्यांनी ते ओटीवर चढूच दिलं नव्हतं. इकडे रितेश बत्तिशीला टेकलेला. फोनवर तेजस्वी त्याच्या विनोदांना दोनदा हसली होती, म्हणजे आजवरच्या सगळ्या स्थळांपेक्षा दोनदा जास्त.

त्याने गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं, बॉनेट वर केलं आणि रुमाल गुंडाळून रेडिएटरच्या टोपणाला हात घातला.

"हात काढ मेल्या!" यमुनाआत्या कडाडली. "समोर राखणदार बसलाय. त्याच्या हद्दीत न विचारता शिरलास, म्हणून अडवलान त्याने."

वडाखाली शेंदूर फासलेला धोंडा शांतपणे बसला होता.

"आत्या, पाणी संपलंय गाडीतलं! ओततो नि निघतो."

"आधी गाऱ्हाणं. मी घालते, तू हात जोडून व्हय म्हण."

तिने पिशवीतला नारळ धोंड्यापुढे ठेवला. "बा म्हाराजा, ह्या लेकराची कळत नकळत चूक झाली असंल, ती पदरात घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," रितेश घड्याळाकडे बघत म्हणाला.

मग गाऱ्हाण्यात माणसं शिरू लागली. जिवंत चौदा, वारलेली नऊ, मुंबईहून शिमग्यालाही न येणारी तीन. प्रत्येकाला एक व्हय. रितेश या पायावरून त्या पायावर होत होता. हात टोपणाकडे सरकला की आत्या डोळे मिटूनच म्हणे, "जोड!" एकदा तो "व्हय म्हाराजा, लवकर!" असं बोलून गेला. त्या आगाऊपणाबद्दल आत्याने वेगळी माफी मागितली. सविस्तर.

गाऱ्हाणं संपलं तेव्हा सव्वाअकरा झाले होते. टोपण गार. फिरवलं, तर साधं फुस्ससुद्धा झालं नाही. बाटल्यांतलं पाणी ओतल्यावर गाडी निमूट सुरू झाली.

"बघितलास?" आत्या म्हणाली. वाद घालायला रितेशकडे वेळ नव्हता. फोनला रेंजही नव्हती.

पूर्णगडात बारा वाजले. ओटीवर तेजस्वी एकटीच उभी.

"बाबा तुम्हालाच शोधायला गेलेत," ती म्हणाली. "आतल्या रस्त्याने. फार चिडून."

रितेशने परत जायचं वळण मनात आखून ठेवलं. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. रावजी उतरले. शर्टभर गंजक्या पाण्याचे तांबडे डाग, उजव्या हाताला ओलं फडकं.

"बाबा! गाडी कुठाय?"

"चढावावर. तापली."

"आणि तुम्ही लगेच टोपण उघडलंत?"

तीस वर्षं इंजिनखात्यात काढलेला माणूस अंगणातल्या तुळशीकडे बघू लागला.

"रावजी," आत्याने पदर सावरला, "आम्हाला तासभर उशीर झाला हो…"

"उशीर?" रावजींनी घड्याळ बांधलेला हात पाठीमागे नेला. "आपल्या माणसांत कसली आलीय वेळ, यमुनाबाई! या, वर या."