गोळीचा विमा

सकाळी साडेसहाला वेलांटीसाहेबांनी आजोबांची पाण्याची बाटली घासायला घेतली, ती साडेनऊला तिच्यात स्वतःचं तोंड दिसल्यावरच खाली ठेवली. बाटली मोठ्या युद्धातली. तिच्या जोडीला आजोबांचं पदक होतं, तेही त्यांनी असं चकचकीत केलं होतं की कालच मिळालंय असं वाटावं. अकराला मूल्यांकन करणाऱ्या बाई यायच्या होत्या. पाहुणे येणार म्हटल्यावर माणूस घर आवरतो, मग पदकानेच काय घोडं मारलंय, असा त्यांचा सरळ हिशेब.

वेलांटीसाहेब हे त्यांचं छापखान्यातलं नाव. सव्वीस वर्षं ते तिथे मुद्रितं तपासत होते. दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की ते काही न घेता परत फिरत. बायकोने दिलेली सामानाची यादी ते आधी लाल पेनने सुधारत, आणि त्या नादात सामान विसरून येत. माणूस वाईट नव्हता, फक्त जगाने आपल्या नजरेखालून गेल्याशिवाय छापून येऊ नये असं त्याला वाटे.

आता या विम्याची भानगड. शहरातल्या वाचनालयाने युद्धाच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडलं होतं आणि मधलं मोठं कपाट वेलांटीसाहेबांच्या आजोबांना देऊ केलं होतं. उद्घाटनाला आजोबांची एकुलती एक हयात लेक, म्हणजे ब्याऐंशी वर्षांची आत्या येणार होती. ग्रंथपालांची अट एकच होती: वस्तूंचा विमा हवा. विमा नाही तर कपाट नाही. आणि कपाट नाही तर आत्याला तोंड कसं दाखवायचं, कारण वेलांटीसाहेबांनी तिला फोन करून आधीच सांगून टाकलं होतं.

कपाटातली खरी वस्तू बाटलीही नव्हती आणि पदकही नव्हतं. ते होतं आजोबांनी आघाडीवरून आजीला लिहिलेलं पत्र. त्यातलं वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं: 'पोटाला गोळी लागली. आता उठून बसतो. काळजी नसावी.' केवढा तो धीर. वेलांटीसाहेबांच्या वडिलांनी हे वाक्य आयुष्यभर सांगितलं, आणि पुढे वेलांटीसाहेबांनी तो वसा घेतला. छापखान्यात चहाच्या वेळी वर्षातून दोनदा तरी ती गोळी सुटायचीच. पत्रात वर असं होतं की तुकडीतले अकरा जण एका रात्रीत आडवे झाले, आणि खाली असं की काल त्याच अकरा जणांबरोबर पत्ते खेळलो. हा दुसरा भाग घरात जखमेच्या तापातली बडबड म्हणून सोडून देत. आजोबा स्वतः कधी बोलले नाहीत. गोळीचं नाव काढलं की 'जाऊ दे रे तो विषय' म्हणून उठून जात. किती विनय, असं सगळे म्हणत.

अकराला पारखी बाई आल्या, बरोबर वेलांटीसाहेबांचा विम्याचं काम करणारा मेहुणा. बाई बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी बाटली हातात घेतली आणि त्यांचा चेहरा पडला.

"ही कुणी घासली?"

"मी," वेलांटीसाहेब अभिमानाने म्हणाले. "तीन तास लागले."

"तीन तासांत ऐंशी वर्षं घालवलीत." बाईंनी बाटली बाजूला ठेवली. "पदकही घासलंत?"

"थोडंसं."

"नाव होतं का कडेला?"

"होतं. काल होतं."

मेहुण्याने फॉर्मवर दोन रेघा मारल्या. "भाऊजी, अजून काही घासायचं राहिलंय का? म्हणजे ते आधी दाखवू."

एक डबी राहिली होती. बोटभर उंचीची, पत्र्याची, घरात तिला 'गोळीची डबी' म्हणत. पोटातून काढलेली गोळी आजोबांनी हिच्यात जपली आणि नंतर ती कुठेतरी हरवली, अशी माहिती होती. डबी घासायची राहिली ती एवढ्याच कारणाने की ती सापडत नव्हती. शेवटी बायकोने ती शिवणाच्या सामानातून काढून सुयांसकट बाईंसमोर ठेवली.

"अहो, तुमच्या हाती लागू नये म्हणूनच देवाने तिथे ठेवली असेल," ती म्हणाली.

बाईंनी डबीच्या कोपऱ्यातली पांढरी भुकटी भिंगातून बराच वेळ पाहिली. मग पत्र मागितलं. पत्राची घडी जिथे फाटली होती तिथे वेलांटीसाहेबांच्या वडिलांनी कागदाची बारीक पट्टी डिंकाने चिकटवली होती, नेमकी त्या थोर वाक्यावर. बाईंनी पत्र टेबलावरच्या दिव्यासमोर धरलं.

"तुम्ही काय वाचता इथे?"

"पोटाला गोळी लागली." वेलांटीसाहेबांचा आवाज सवयीने भरून आला.

"'लाग' आणि 'ली' यांच्यामध्ये पट्टी आहे. तिच्याखाली अक्षरं आहेत. आता वाचा."

वेलांटीसाहेब वाकले. पट्टीखालून दिव्याच्या उजेडात आधी एक दीर्घ ऊकार वर आला, त्याच्यामागून एक 'प' आणि एक 'ड'. छान वळणदार, आजोबांच्या हातचे. वेलांटीसाहेबांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पोटाला गोळी लागू पडली.

मेहुण्याने अगदी हळू विचारलं, "म्हणजे भाऊजी, जुलाब?"

"तुकडीतले अकरा जण आडवे झाले होते ना," बायको म्हणाली. "मग पत्ते खेळायला उठले. आता लागला अर्थ."

वेलांटीसाहेब खुर्चीत बसले. सव्वीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे ऊकार पकडले होते. एका कवीचा अख्खा संग्रह त्यांनी एका 'ू'साठी तीन दिवस अडवून धरला होता. आणि आपल्याच घरातला एक ऊकार आणि दोन अक्षरं त्यांना उभ्या आयुष्यात दिसली नव्हती. ते खरोखर ओशाळले. आपण तपासनीस कसले, आपण तर वाचकही नाही, असं त्यांना वाटलं.

"मग आता किंमत शून्य," ते म्हणाले.

"उलट," बाई म्हणाल्या. "गोळी लागल्याची पत्रं माझ्याकडे महिन्याला दोन येतात, आणि रुग्णालयाची नोंद एकाकडेही नसते. स्वतःचं पोट बिघडलं होतं असं घरी खरं कळवणारा शिपाई मी पहिल्यांदा पाहतेय. वर त्याच गोळ्यांची डबी, न घासलेली. दोन्ही मिळून चांगली किंमत होईल."

मेहुण्याचा चेहरा उजळला. "भाऊजी, 'लागली'पेक्षा 'लागू पडली' कितीतरी महाग आहे. फक्त एक लक्षात ठेवा. पॉलिसीत जे वर्णन, तेच प्रदर्शनातल्या चिठ्ठीवर. अक्षराचाही फरक पडला तर कंपनी हात वर करते."

अक्षराचा फरक, आणि हे वेलांटीसाहेबांना सांगायचं. एरवी त्यांनी मेहुण्याला अर्धा तास सुनावलं असतं. आज त्यांनी मुकाट्याने सही केली.

सगळ्यात मोठा प्रश्न आत्याचा होता. तिच्या बाबांना लागलेली गोळी आता तिच्यापासून काढून कशी घ्यायची? वेलांटीसाहेबांनी तीनदा फोन उचलला आणि तीनही वेळा तब्येतीची चौकशी करून ठेवून दिला.

"अहो, सांगून टाका ना," बायको म्हणाली.

"ब्याऐंशी वर्षांची आहे. धक्का बसेल."

"धक्का तुम्हाला बसलाय. त्यांचं नाव पुढे करू नका."

शेवटी त्यांनी ठरवलं की चिठ्ठीच बोलेल. पॉलिसीतलं वाक्य त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहून छापखान्यात जुळाऱ्याकडे दिलं: 'पोटाला गोळी लागू पडल्याचे कळवणारे पत्र.' जुळारी म्हणजे मजकूर जुळवणारा, त्यांच्याइतकाच जुना माणूस. आताशा तो संगणकावर बसे, पण नाव जुनंच राहिलं होतं. एरवी वेलांटीसाहेब अंतिम प्रत दोनदा वाचल्याशिवाय कागद हलू देत नसत. या वेळी त्यांना ते वाक्य पुन्हा बघवेना. ते तोंड फिरवून म्हणाले, "छापून टाक." सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच.

उद्घाटनाला वाचनालय भरलं होतं. आत्या पांढऱ्या साडीत, काठी टेकत आली आणि तिने फीत कापली. वेलांटीसाहेब कपाटाजवळ गेले. चिठ्ठी छान जाड कागदावर होती, काचेच्या बाहेर, खालच्या लाकडी पट्टीवर लावलेली. तिच्यावर लिहिलं होतं: 'पोटाला गोळी लागल्याचे कळवणारे पत्र.'

जुळारी मागेच उभा होता. त्याला इतकं खुललेलं वेलांटीसाहेबांनी कधी पाहिलं नव्हतं.

"साहेब, सापडली," तो कानाशी येऊन म्हणाला. "सव्वीस वर्षांत तुमची पहिली चूक. गडबडीत तुम्ही 'लागू पडल्याचे' लिहिलं होतं. म्हटलं, साहेबांचे आजोबा, एवढं मोठं दुखणं, आणि असं छापायचं? मी गुपचूप दुरुस्त केलं. कुणाला सांगणार नाही."

तेवढ्यात दुसऱ्या कानाशी मेहुणा आला. "भाऊजी, चिठ्ठी आणि पॉलिसी जुळत नाही. या क्षणी कपाटात जे काही आहे ते बिनविम्याचं आहे. माणसं रेटून बघतायत."

वेलांटीसाहेब दोन्ही हात पसरून कपाटापुढे उभे राहिले. लोकांना वाटलं, मानवंदना देतायत. काहींनी फोटो काढले.

मग आत्याला ध्वनिक्षेपकापाशी नेलं. ती फार बोलली नाही. "मी लहान होते," ती म्हणाली. "एकदा बाबांना विचारलं, कशी होती हो ती गोळी? बाबा म्हणाले, फार कडू होती."

ग्रंथपालांनी चष्मा काढून डोळे टिपले. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. जुळाऱ्याने खिशातून रुमाल काढला. वेलांटीसाहेब मात्र हात पसरलेल्या अवस्थेतच आत्याकडे बघत राहिले. टाळ्या ओसरल्यावर ते तिच्यापाशी गेले.

"आत्या, तुला माहीत होतं?"

"माहीत म्हणजे? सांगितलंय ना आत्ता, मी विचारलं होतं त्यांना."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुझा बाप बोलायला लागला की मध्ये शिरता यायचं का कुणाला? आणि तू त्याच्या वरताण." आत्याने काठी टेकली. "बाबा तेवढ्यासाठीच उठून जायचे. तुम्हाला वाटायचं, लाजतायत."

वेलांटीसाहेबांना हसू आलं, आणि हसताना डोळ्यांत पाणीही आलं. आजोबा बिचारे खरं लिहून मोकळे झाले होते. बाकीची लढाई घरच्यांनी लढली होती.

ते परत कपाटाशी आले. खिशातली पेन्सिल काढून त्यांनी 'ग' आणि 'ल्याचे' यांच्यामध्ये खूण केली आणि वर, सरळ रेषेत, गाळलेलं भरलं: ऊकार, प, ड.

जुळाऱ्याचा चेहरा एवढासा झाला. "साहेब, ती तर मी..."

"तू बरोबर केलंस. मी सव्वीस वर्षं जे सांगितलं तेच तू छापलंस," वेलांटीसाहेब म्हणाले, आणि समासात लिहिलं: 'चूक माझी.' खाली सही केली, तारीख घातली.

मेहुण्याने पॉलिसी काढून एकेक अक्षर ताडून पाहिलं आणि सुटकेचा श्वास सोडला. पुढे उभ्या असलेल्या लोकांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग रांगेतून हसू मागेपर्यंत गेलं. आणि गंमत म्हणजे कुणी हलेना. बाटलीकडे ढुंकूनही न बघता सगळे पत्र वाचायला वाकू लागले.

ग्रंथपाल मात्र गोंधळून आत्यापाशी आले. आपण टिपलेले डोळे परत घ्यावेत की काय, असा त्यांचा चेहरा झाला होता.

"आजी, म्हणजे ती कडू गोळी... ती औषधाची?"

"मग हो," आत्या म्हणाली, आणि समासातली सही वाचून तिने भाच्याकडे पाहिलं. "गोड गोळी कधी लागू पडते का?"