लाभ, दोन, तीन

आमच्या शेजारच्या शिवानानांना एक हा आकडा चालत नाही. दोन चालतो, तीन चालतो, पुढे हजारापर्यंत बिनचूक मोजतील. फक्त एकच्या जागी ते 'लाभ' म्हणतात. नानांची सगळी हयात मंचरच्या बाजारात मापाडी म्हणून गेली. धान्याचं पहिलं माप टाकताना 'लाभ' म्हणायची आपल्याकडची जुनीच रीत. पण बाकीचे लोक ती खळ्यावर ठेवून घरी येतात, नानांनी ती घरी आणली.

"एक म्हनू न्हाई," ते बजावतात. "एक म्हनलं की माल एकटा पडतो."

पुतण्याच्या लग्नात सप्तपदीचं पहिलं पाऊल पडलं आणि भटजींच्या आधी नानाच खणखणीत "लाभ" म्हणाले. दवाखान्यात नर्सबाईंनी विचारलं, "आजोबा, हा पहिला डोस का?" तर म्हणाले, "न्हाई, लाभ." त्या बाईंनी कागदावर काय लिहिलं देव जाणे.

काम सुटल्यावर नानांना आणखी एक खूळ लागलं. दुपारचं जेवण झालं की प्लास्टिकची खुर्ची उचलायची, हायवेच्या दुभाजकात जुनी फट आहे तिथे कडेच्या बाभळीखाली मांडायची आणि संध्याकाळपर्यंत गाड्या मोजायच्या. "रिकामा ट्रक बोंबलतो, भरलेला कन्हतो," हे त्यांचं शास्त्र. डोळे मिटूनही ओळखायचे. गावाने त्यांचं नाव 'आरटीओ' ठेवलं. त्यांची बायको हौसाकाकू माझ्या आईला सांगायची, "ह्या मानसानी कवा माझ्याकडं एवढं टक लावून बघितलं न्हाई."

मी रस्त्यांची पाहणी करणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. पेठ गावाजवळ हायवेला लागून ट्रकांसाठी मोठा वाहनतळ करायचं घाटत होतं. तो झाला तर रहदारीवर काय परिणाम होईल, ते आम्हाला तपासायचं होतं. दर पंधरा मिनिटांत किती ट्रक, किती मोटारी, किती दुचाक्या आणि किती पादचारी जातात, ते पाच दिवस मोजायचं. जागाही नेमकी नानांच्या बाभळीसमोरची. दुसरं कोण आठवणार? मी त्यांना कंपनीची टोपी आणि क्लिपबोर्ड दिला. टोपी त्यांनी झोपतानाही काढली नाही, असं काकू म्हणाल्या.

पाच दिवसांचे कागद आले. मी भराभर रेघा मोजून आकडे कॉम्प्युटरवर चढवले. दोन गोष्टी दिसल्या. रोज चार ते सव्वाचार एकाही गाडीची नोंद नाही, आणि पादचारी पाचही दिवस शून्य.

शून्य बघून आमचे साहेब खूश झाले. "माणसंच जात नाहीत ना? मग फट बुजवा. वाहनतळाचं गेट तिथेच घेऊ." पायी जाणारं कोणी असतं तर ती वाट आराखड्यात राखावी लागली असती.

मला मात्र त्या कोऱ्या पाव तासाचा राग आला होता. म्हातारा डुलक्या काढतोय, अशी माझी खात्री. मोजणी संपली तरी नानांनी क्लिपबोर्ड सोडला नव्हता. सहाव्या दिवशी मी पाचही कागद घेऊन, नानांना न सांगता जवळच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो.

बरोबर चारला हौसाकाकू किटली घेऊन आल्या. रस्ता रुंद झाला तेव्हा त्यांचं घर अलीकडे राहिलं आणि गाईंचा गोठा पलीकडे. काकूंना उजव्या कानाने ऐकू येत नाही, आणि आमच्या बाजूच्या गाड्या उजवीकडूनच येतात. नाना उठले. क्लिपबोर्ड डोक्यावर धरून सरळ रस्त्यात उतरले. रोजचे ड्रायव्हर असावेत, लांबूनच वेग कमी करत आले. काकूंची आपली ओळखच नसल्यासारखे नाना दोन पावलं पुढे चालत होते आणि मागून काकूंच्या तोंडाचा पट्टा चालू होता. "व्हा बाजूला, जावा तुमच्या गाड्या मोजा." नानांनी त्यांना पलीकडे नेलं, त्या गोठ्यात शिरल्यावर धार होईपर्यंत तिथेच थांबले, मग त्यांना तसंच परत आणलं. ते खुर्चीत बसले, मी मागे जाऊन उभा राहिलो, आणि त्यांनी पादचाऱ्यांच्या रकान्यात लिहिलं, 'ला'.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कागदभर, भरलेल्या प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात पहिल्या रेघेऐवजी ते 'ला' होते, आणि मी नानांचं खूळ म्हणून सोडून दिले होते. त्यामुळे दर चौकटीत ट्रक एकाने कमी भरले, त्याने काही बिघडत नव्हतं. पण इथे काकूच गळल्या होत्या. मला माझीच लाज वाटली.

"नाना, इतकी वर्षं ह्यासाठी गाड्या मोजता होय?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "बायकोला रस्ता वलांडून देतो म्हनलं तर गाव हसंल. गाड्या मोजतो म्हनलं तर येडा म्हनत्यात. येडं परवाडलं." मग खालच्या आवाजात म्हणाले, "गेट हितंच येनार म्हनं? आज मी हाय राव. माझ्या मागं तिनं कुटनं जायाचं?"

"नाही येणार. फक्त आकडा पाहिजे. कॉम्प्युटरला लाभ कळत नाही. पाची कागदांवर काकूंच्या 'ला'च्या जागी एक लिहा."

नानांनी पेन घेतलं, टेकवलं आणि परत उचललं. "तूच लिव बाबा. माझ्या हातनं तिला एक न्हाई म्हनवत."

"नाना," मी म्हटलं, "रस्ता तुम्हीही ओलांडताच की."

त्यांनी माप नीट भरलंय का हे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. मग पाचही कागदांवर, 'ला' न खोडता, त्याच्या शेजारी ठळक दोन काढला.

त्या आकड्यावर वाट आराखड्यात राहिली आणि गेट दोन वावरं पुढे सरकलं. गावात मी ह्यातलं काही बोललो नाही. नाना अजून बाभळीखाली बसतात आणि गाव त्यांना येडं म्हणतं. त्यांना ते परवडतं.