ओव्हाळ आप्पांचा समुद्र

ओव्हाळ आप्पा कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्यातूनच विचारतात, "किती माणसं?"

लग्नघरात विचारतात, बारशाला विचारतात. एकदा माझ्या मेहुणीला पाहायला निमोण्याहून पाहुणे आले होते. बैठकीत कुणी कुणाशी बोलेना. तेवढ्यात आप्पा दारात उभे राहिले आणि म्हणाले, "किती माणसं?" मुलाचे मामा दचकून उठले आणि म्हणाले, "सहा. पन दोघं जेवनार न्हाईत." बैठकीत हशा पिकला आणि लग्न जमलं. श्रेय अर्थात आप्पांनी घेतलं.

जन्मभर एसटीत कंडक्टरकी केल्यावर माणसाला दुसरं काय सुचणार! निघतानाही ते दाराच्या चौकटीवर बोटानं दोनदा टकटक करतात. ती डबल बेल. तिच्याशिवाय त्यांचं पाऊल उचलत नाही.

मी शिरूरच्या एका शाळेत भूगोल शिकवतो आणि आप्पांच्या भिंतीला भिंत लावून राहतो. माझ्या भूगोलाप्रमाणे शिरूरला समुद्र नाही. आमची घोडनदी आहे, तीही उन्हाळ्यात नावापुरती. पण आप्पांच्या बाहेरच्या खोलीत, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली, काचेच्या पेटीत समुद्र होता. त्यात एक दगड आणि दगडावर एक समुद्रफूल. फूल म्हणायचं ते दिसण्यापुरतं. तो जिवंत प्राणी. बुडानं दगडाला चिकटलेला, वर बोटांसारखे पन्नास-साठ लालसर दोरे हलवत बसलेला. हात लावला की सगळे दोरे आत घेऊन मुठीएवढा गोळा होणार.

आप्पांची ड्युटी शिरूर ते श्रीवर्धन, मुक्कामी. डेपोत ही गाडी कुणाला नको असायची. घाट, डास आणि मुक्कामाला ढेकणांची खाट. आप्पा मात्र मागून घ्यायचे. पहाटे किनाऱ्याच्या टोकाला खडकांत फिरताना त्यांनी एका डबक्यात बोट घातलं आणि समुद्रफुलानं ते बोट धरलं. बास. दुसऱ्या दिवशी ते जेवणाच्या डब्यातून शिरूरला आलं.

ते पहिलं. त्याला त्यांनी बोअरच्या पाण्यात खडेमीठ घालून ठेवलं. प्रमाण कळेना, म्हणून बायकोला, शालनकाकूंना, चव बघायला लावली. काकूंनी बोट बुडवून चाखलं आणि सवयीनं सांगितलं, "आजून चिमूटभर पडंल." समुद्रफूल दोन दिवसांत विरघळलं. आप्पा दोन दिवस जेवले नाहीत. मी आपला शहाणपणा केला, "आप्पा, समुद्राचा जीव शिरूरला कसा जगेल? आठ दिवस काही ही वस्तू टिकायची नाही."

आप्पा म्हणाले, "मंग समुद्रच आनू. आपली गाडी जातीयाच की."

पुढच्या खेपेला त्याच डबक्यातलं दुसरं समुद्रफूल आलं आणि तेव्हापासून दर खेपेला दोन कॅन भरून समुद्राचं पाणी शिरूरला येऊ लागलं. त्या कॅनचं लगेजचं तिकीट आप्पा स्वतःच्या हातानं फाडत आणि स्वतःच्या खिशात ठेवत. एकदा घाटाखाली तपासणीस चढले. सीटखाली कॅन पाहून त्यांच्या नाकपुड्या फुलल्या.

"ह्यात काय?"

"समुद्र, साहेब."

साहेबांना वाटलं, हा पिऊन आलाय आणि वर आपली चेष्टा करतोय. त्यांनी बूच उघडलं, ओंजळभर ओतलं आणि पुराव्यासाठी घोट घेतला. मग ते खिडकीबाहेर थुंकत राहिले. आप्पांनी आधी लगेजचं तिकीट दाखवलं आणि मग प्यायचं पाणी दिलं.

माझ्या आठ दिवसांची पाच वर्षं झाली. समुद्रफूल जगलं, वाढलं, बशीएवढं झालं. दर दोन-तीन दिवसांनी त्याला बाजारातली सुकट भिजवून एकेक घालायची. काकू करवादायच्या, "घरच्या मानसाला आमटी-भाकर, आन् ह्याला सुकट! काम ना धाम, निस्तं बसून खातंय." आप्पा शांतपणे म्हणत, "बसूनच ऱ्हावं त्यानं. मी हाय की हिंडाया."

लोडशेडिंगचे दिवस होते. वीज गेली की पेटीत हवा सोडणारा पंप बंद. आप्पा निम्मा आठवडा श्रीवर्धनच्या वाटेवर. मग हे जगलं कसं? त्याचं उत्तर मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. काकू तांब्यानं पेटीतलं पाणी वर उचलून बारीक धारेनं परत आत सोडायच्या, चहा गार करतात तसं. चार-चार तास. वर तोंडानं त्या समुद्रफुलाच्या सात पिढ्यांचा उद्धार चालू असायचा.

आणि मग आप्पांचं वय झालं. मेअखेरीला रिटायर. श्रीवर्धनची गाडी सुटली की पाणी सुटलं, आणि पाणी सुटलं की समुद्रफूल मेलं, इतका सरळ हिशेब. पुण्याच्या दुकानातून समुद्राचं म्हणून विकतात ते मीठ आणून पाहिलं. समुद्रफूल चार दिवस गोळा होऊन बसलं. काकूंनी ताटावर बसणं सोडलं. शेवटच्या कॅनमधलं खरं पाणी घातलं तेव्हा कुठे ते उमललं. त्या जागी येणारा नवा कंडक्टर म्हणाला, "आप्पा, मी आनत जाईन की." आप्पांनी मान हलवली. "आज तू म्हनशील. उंद्या तुझी ड्युटी बदलंल. मी आनलंय, माझ्या ड्युटीतच म्या माघारी पोचवनार."

त्या आठवड्यात एकदा सकाळी पेपर मागायला गेलो, तर आप्पा बाही दुमडून, पेटीत बोट घालून उभे. हे दृश्य मी पाच वर्षं पाहत होतो. विचारलं की म्हणायचे, पानी तापलंय का बघतोय. त्या दिवशी म्हणाले, "मास्तर, घाला बोट."

मी भीत भीत घातलं. ते दोरे बोटाभोवती आले आणि चिकटले. हलकेच, पण सोडेनात.

"धरलं?"

"धरलं."

"मला रोज सकाळी हे लागतं," आप्पा म्हणाले. "पस्तीस वर्सं संसार झाला. देवळं केली न्हाईत, पन डाक्टर समदे केले. आमच्या घरात बोट धरनारं कुनी आलं न्हाई, मास्तर." मग आवाज खाली आणून स्वयंपाकघराकडे बघत म्हणाले, "ती बी घालती. म्या ड्युटीवर गेल्यावर. तिला वाटतं, मला ठावं न्हाई."

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. पाच वर्षं मी ह्या माणसाची शाळेत नक्कल करून दाखवत होतो, त्याची मला फार लाज वाटली.

शेवटच्या ड्युटीला आप्पांनी मलाही गाडीत बसवलं. "तुमी शास्तर शिकलेले. वाटंत काय झालं तर लागाल." मी भूगोलाचा मास्तर, वाटेत कोणता घाट लागतो, एवढंच मला सांगता आलं असतं. पण शाळेला सुट्टी होती, आणि मला जायचं होतं.

खरं नवल म्हणजे काकू आल्या. इतक्या वर्षांत त्या नवऱ्याच्या गाडीत कधी बसल्या नव्हत्या. कारण विचारलं की म्हणायच्या, "समद्यांम्होरं ह्यांनी मला इचारायचं, कुठं जायाचं म्हनून? मानसं काय म्हंतील!" आज त्या पुढच्या सीटवर बसल्या. मांडीवर स्टीलचा मोठा डबा, त्याला ओलं फडकं गुंडाळलेलं, आत दगडासकट समुद्रफूल.

गाडी शिरूरबाहेर पडली. आप्पा पंच वाजवत तिकिटं फाडत आले. रांगेनं विचारत आले, आणि त्याच सुरात, त्याच सवयीनं काकूंनाही विचारून बसले, "किती माणसं?"

विचारल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. पंचचा आवाज बंद पडला.

काकूंनी खिडकीबाहेरची नजर काढली नाही. म्हणाल्या, "तीन."

आप्पा उभेच राहिले. त्यांचं स्वतःचं तिकीट लागत नव्हतं. काकूंना पास होता. राहिलं एक. मला वाटलं, आता हा माणूस रडणार किंवा चेष्टा करणार. त्यांनी दोन्ही केलं नाही. म्हणाले, "पाच वर्सं पुरी झाली त्येला. हाफ पडतंय." श्रीवर्धनचं हाफ तिकीट फाडलं, पंच केलं आणि काकूंच्या हातात दिलं. काकूंनी ते पदराच्या गाठीत बांधलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुटायच्या आधी आम्ही खडकांत गेलो. आप्पांना ते डबकं बरोबर ठाऊक होतं. त्यांनी दगड अलगद पाण्यात ठेवला. समुद्रफूल गोळा होऊन बसलं. आम्ही तिघं उभे. तिकडे ड्रायव्हरनं हॉर्न दिला. आप्पा म्हणाले, "चला." काकू हलल्या नाहीत. दुसरा हॉर्न झाला. मग एकेक दोरा बाहेर आला, आणि ते पुरतं उमललं. काकू वाकल्या आणि आमच्या दोघांदेखत त्यांनी पाण्यात बोट घातलं.

त्यानं धरलेलं बोट सोडवायला काकूंना वेळ लागला. "नीट ऱ्हा," एवढंच म्हणाल्या. आप्पांनी खडकावर बोटानं दोनदा टकटक केली.

परतीला गाडी भरलेली होती. काकू पुढच्याच सीटवर, मांडीवर रिकामा डबा. आप्पा मागून पुढे तिकिटं फाडत आले. किती माणसं, किती माणसं, सगळ्या गाडीला विचारलं. काकूंच्या सीटपाशी आले, थांबले, आणि काही न विचारता पुढे गेले.