हाजीसाहेबांची भिंत

शाझलीनं घराच्या दर्शनी भिंतीला प्लास्टर करायचं ठरवलं, त्याला कारण नवारा. तिचा बाप हाजी झनाती चारचौघांत म्हणाला होता, "ज्यानं शाळा अर्ध्यात सोडली, तो संसार तरी पुरा करील का? एक काम तडीस नेऊन दाखव, मग शुक्रवारी फातिहा वाचू." फातिहा वाचली की पोरगी ठरली.

शाळा सुटली तरी शाझलीनं तांबड्या समुद्राकाठी गुरदकाच्या हॉटेलांवर गवंडीकाम केलं होतं. त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: तैलरंगाची गुळगुळीत भिंत आधी छिन्नीनं टाचे, म्हणजे खाचा, मारून खरखरीत करायची, धुवायची, ओली करायची. नाहीतर प्लास्टर धरत नाही.

अडचण एवढीच, की या भिंतीवर गावच्या रिवाजाप्रमाणे शाझलीच्या बापाची हजयात्रा तैलरंगात रंगवली होती. काबा, विमान, उंट आणि तलवारीनं सिंह मारणारे खुद्द हाजी अब्दुलमौजूद. (सिंह कुठं भेटला, हे विचारायची घरात कुणाची छाती नव्हती.) शेजारच्या भट्टीच्या धुरानं सगळं इतकं काळवंडलं होतं, की विमान कुठलं न् उंट कुठला, कळत नव्हतं.

"झाकायचं तर झाक," बाप म्हणाला. "पण काब्यावर छिन्नी चालवशील तर हात मोडीन."

"बरं. काबा सोडून मारतो."

"विमानाला पण नाही. त्यानंच नेलं मला."

"मग उंटाला?"

"मुक्या जनावराला टोचतोस? लाज नाही वाटत?"

"सिंहाला तरी?"

"त्याला मी एकदा मारलाय. पुन्हा कशाला?"

उरली खाली वीतभर पट्टी. शाझलीनं तिलाच इमानेइतबारे टाचे मारले. निदान सोड्यानं धुतो म्हणाला, तर बापाला चित्रातलं आपलं हजचं पांढरं वस्त्र, इहराम, विटायची भीती.

एवढ्यात बय्यूमीकाका आला. काकानं जन्मात थापी धरली नव्हती, त्यामुळे त्याला प्लास्टरमधलं सगळं कळत होतं. "टाचेबिचे नव्या पोरांची थेरं! दाबून लाव, बसतंय."

"तैलरंगावर नाही बसत, काका."

"शाळेत तू तरी कुठं बसलास?"

बाप खो खो हसला. या घरात म्हाताऱ्यांचं एकच शास्त्र: पोराला गप्प केलं की आपलं खरं. शाझली चरफडला आणि त्यानं दातओठ खाऊन सगळी भिंत लिंपून काढली. दिसायला मात्र देखणी झाली.

शुक्रवारी हाजी झनाती भावाबंदांसह आले. भिंतीपुढं बाकं मांडली, चहा फिरला. झनातींनी भिंत डोळ्यांत तेल घालून पाहिली आणि चक्क मान डोलावली. शाझलीचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच बय्यूमीकाका उठला. "माझा सल्ला हो! एक टाचा न मारता! दगड आहे दगड!" आणि त्यानं भिंतीवर सणसणीत थाप मारली.

भिंत क्षणभर विचारात पडली. मग खालची टाच्यांची पट्टी सोडून अख्खं प्लास्टर एका लादीसारखं सुटलं आणि धप्पकन खाली आलं. काका ढिगाऱ्यात गुडघ्यापर्यंत गडप.

संपलं, शाझलीनं डोळे मिटले. पण आरडाओरडा होईना. डोळे उघडले, तर सगळे भिंतीकडं आ वासून बघत होते. सुटताना प्लास्टरनं वर्षानुवर्षांची काजळी ओढून नेली होती. काबा काळाभोर, विमान निळंशार, आणि हाजी अब्दुलमौजूदांच्या तलवारीखाली पिवळाधमक सिंह.

"सुब्हानल्ला!" झनाती उभेच राहिले. "बापाची हज अशी उघडून दाखवायची? मी म्हटलं, पोरगं प्लास्टर करतंय! हा तर पडदा होता!"

"आमच्या घराण्यात अशीच रीत," बाप डोळे पुसत बेधडक बोलला.

शाझलीनं शहाण्यासारखा सगळ्यांना पुन्हा चहा फिरवला. फातिहा वाचली गेली. बायकांच्या हर्षनादानं गल्ली दणाणली, झनातींनी जावयाला छातीशी धरलं. काकाला नंतर उपसून काढण्यात आलं.

आता पंचक्रोशीतले हाजी आपल्या काळवंडलेल्या भिंतींसाठी शाझलीला मानानं बोलावतात. काम एकच, लावायचं आणि पाडायचं. शाझली ताठ मानेनं हिंडतो. लग्नाआधी तो ऐटीत नवाराला म्हणाला, "आपली खोली मी अशी लिंपीन, की बघत राहशील."

"नको हो," नवारा लाजून म्हणाली, "त्याखाली झोपायचंय. मी दुसरा गवंडी सांगितलाय."