काकाजींच्या गाडीतला गिलास

आमच्या शेजारचे देवरावकाकाजी जिभेला रबरी नळी लटकवून फाटकात उभे असायचे. अकोल्यातल्या आमच्या गल्लीत नवा माणूस आला की त्याला वाटे, काहीतरी औषधपाणी चालू असेल. मी पहिल्यांदा "दंडवत, काकाजी" म्हटलं, तेव्हा त्यांनी नुसतं बोट वर केलं. घड्याळाकडे बघत मिनिट पुरं केलं, नळी फटकन सोडवली आणि म्हणाले, "ही नळी चांगली हाय. चोर पुढं हाय."

नळी त्यांच्या जुन्या जर्मन डिझेल गाडीची. अकोटच्या एका कापसाच्या जिनवाल्याने ती विकली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. काकाजी आयटीआयमधून रिटायर झालेले, शिकवायची खोड काही गेली नव्हती; मी स्वतः शाळेत मास्तर, तरी मलाच शिकवत. "मास्तर, डिझेलचं इंजिन सोता व्हॅक्यूम, म्हंजे हवेची ओढ, करत नाही. त्याले येगळा पंप लागते. ब्रेक त्याच्यावर, गेअर त्याच्यावर, दाराचे लॉक त्याच्यावर. इंजिन बंद करनंही त्याच्यावरच. एका नळीले चीर गेली का साऱ्या घराले उपास!" म्हणून एकेक नळी तोंडाने ओढायची आणि टोकाला जीभ लावायची. चिकटून राहिली तर चांगली, सुटली तर चोर सापडला.

तो उपास गल्लीलाही घडत होता. ब्रेक दगडासारखा व्हायचा आणि काकाजी त्यावर दोन्ही पायांनी उभे राहायचे. किल्ली काढून खिशात टाकली तरी इंजिन आपलं धडधडतंच. मग बॉनेट उघडून त्याची विनवणी चाले, "हो ना बाप्पा बंद! लोकं जेवून राह्यले." गेअर आपोआप बदलणारे होते, पण बदलताना मागून कोणी लाथ घातल्यासारखा धक्का बसे.

खरी अडचण त्या धक्क्याची होती. काकाजींच्या पत्नी सुमनकाकूंच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं. माहेर महानुभावी, त्यामुळे एकदा रिद्धपूरला जाऊन दंडवत घालायचा त्यांनी ध्यास घेतला होता. मी माझी गाडी देऊ केली तर काकाजी उखडले, "कावून? माही गाडी मेली का?"

तोड काकूंनीच काढली. "मी पान्याचा गिलास धरून बसीन. ज्या दिवशी पानी सांडनार नाही, त्या दिवशी रिद्धपूरले जाऊ."

गणपतीपासून रोज पाच वाजता फेरी सुरू झाली. गेअर पडला की काकाजी विचारत, "सांडलं का?" काकू ओल्या पदराकडे बघून म्हणत, "सांडलं जी." की पुन्हा बॉनेट उघडं आणि नळी जिभेला. "चोर लय पक्का हाय," एवढंच ते म्हणत. दसरा गेला, दिवाळी गेली. मधल्या काळात काकाजी दुपारचा चहा स्वतःच करू लागले होते आणि काकूंना अर्धाच कप देत. "दूध फार महागलं वाटतं," मी चिडवलं. एरवी टोला परतवणारा माणूस, पण त्या दिवशी हसलाही नाही.

पौषात काकू गेल्या. ताप आला, छाती भरली, चार दिवसांत सगळं आटोपलं. रिद्धपूर राहिलंच. खरं सांगतो, मला काकाजींचा संताप आला. एका खटाऱ्याच्या हट्टापायी बाईची शेवटची इच्छा राहिली, असंच मला वाटत होतं. महिनाभर मी त्यांच्याशी धड बोललो नाही.

एका सकाळी तेच दारात आले. हातात काकूंचा गिलास. "रिद्धपूरले चाल, मास्तर. हा धराले कोनी पायजे."

नाही म्हणवेना. काकूंच्या जागेवर बसलो, बोटभर कमी भरलेला गिलास मांडीवर धरला. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं, अमरावती मागे पडली. गेअर कधी बदलला ते कळतसुद्धा नव्हतं. पाणी हलत होतं, पण थेंबही सांडला नाही. रिद्धपूरला पोचून काकाजींनी किल्ली फिरवली आणि इंजिन लगेच गप्प झालं.

"सापडला वाटतं चोर," मी म्हटलं.

"दसऱ्यालेच सापडला. मागच्या दाराच्या लॉकची नळी चिरली होती."

"मग काकूंच्या हातून पाणी...?"

काकाजी समोरच्या काचेतून पाहत राहिले. "तिचा हात थरथरत होता, मास्तर. तिच्या मायलेही हेच झालं होतं. नऊ वर्सं खाटेवर होती. तिले त्याचीच धास्ती होती. गाडी नीट झाली म्हटलं असतं, तं पानी कायनं सांडते हे तिले समजलं असतं. म्हनून गेअर पडला का मीच ब्रेकले हलका पाय लावत होतो, अन् रोज बॉनेट उघडत होतो. वाटलं, थंडी सरली का डॉक्टरले दाखवू, मंग सांगू." किल्ली काढून ते म्हणाले, "तिचं रिद्धपूर मीच बुडवलं."

महिनाभर धरलेला राग आता कुठे ठेवावा ते कळेना. माझ्या हाताला कापरं भरलं आणि पाणी पँटवर सांडलं. गाडी उभी होती, इंजिन बंद होतं.

काकाजींनी खिशातून रुमाल काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "गाडीनंच धक्का मारला."