हरिश्चंद्र तांडेलाच्या माशाची नाडी

काशिनाथ वैद्यांचं म्हणणं असं, की रोगी पायरी चढत असतानाच आपल्याला रोग कळतो. नाडी धरायची ती नुसती रोग्याच्या समाधानासाठी! मालवणच्या धुरीवाड्यात हे म्हणणं वर्षानुवर्षं खपून गेलं, कारण दुसरं काही म्हणणारा कोणी नव्हताच. गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मात्र बाजारात एक तरुण डॉक्टर आला आणि येईल त्याला सुई टोचू लागला. लोकांना सुई फार आवडली. दुखतं म्हणजे गुण येणारच, असा आपल्याकडचा हिशेब. वैद्यांच्या ओसरीवर दिवसभर मांजर निजू लागलं. आणखी एक पावसाळा असाच गेला तर खलबत्ता माळ्यावर टाकावा लागणार, हे वैद्यांना कोणाची नाडी न बघताच कळलं होतं.

अशात हरिश्चंद्र तांडेलाचा मासा आजारी पडला.

हा हरिश्चंद्र आयुष्यभर बोटीवर नोकरी करून नुकताच घरी बसला होता. कुठल्याशा बंदरावर त्याने काचेच्या पेटीत पोहणारे मासे पाहिले होते, ते डोक्यातून जाईनात. दाराशी अख्खा समुद्र असताना मासे पेटीत ठेवणारा माणूस मालवणात हा पहिलाच. त्याच्या बायकोने, आनंदीबाईने, कपाळाला हात लावला. पण ह्याने सुताराकडून सागवानी चौकट करून घेतली, काचा बसवल्या, रोज समुद्राचं ताजं पाणी आणायचं काम जानकी सुनेवर टाकलं आणि किल्ल्याजवळच्या खडकांतून धरलेले दोन मासे आत सोडले. नारिंगी अंग, त्यावर चुन्याने ओढल्यासारखे पांढरे पट्टे. एक मोठा, एक धाकटा. सारा वाडा बघायला लोटला.

थोड्याच दिवसांत धाकटा कोपऱ्यात जाऊन बसला. शेपटीची किनार फाटली, पंख अंगाला चिकटले, सुंगटाचा, म्हणजे कोळंबीचा, तुकडा नाकासमोर आला तरी तोंड उघडेना. हरिश्चंद्राला अन्न गोड लागेना. पोरांची आजारपणं बोटीवर पत्रात वाचली होती त्याने. हे पहिलंच डोळ्यांसमोर होत होतं. त्याने चारचौघांत सांगून टाकलं, की मान वैद्यांचा पहिला, पण त्यांना जमलं नाही तर बाजारातल्या डॉक्टराला आणीन. आता काय राहिलं! माशाला गुण डॉक्टराच्या हातून आला असता, तर माणसं वैद्यांकडे कशाला फिरकली असती?

वैद्य गेले. पेटीपुढे पाट मांडून बसले. सवयीने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला, कारण माशाची नाडी कुठे असते हे त्यांनाच काय, त्यांच्या वडिलांनाही ठाऊक नव्हतं. मग डोळे मिटून त्यांनी निदान केलं.

"सांसर्गिक आसा," ते म्हणाले. "पयला त्या मोठ्याक पावण्यांकडे धाडूक व्हया."

ह्यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. गावात देवी आल्या, की घरातल्या धडधाकट माणसांना वालावलला नाहीतर कसालला नात्यात पाठवायची रीतच होती. मोठ्या माशाला नातेवाईक नव्हते म्हणून तो वैद्यांच्याच घरी जायचा ठरला. घरात काचेची बरणी एकच आणि तिच्यात वैद्यांच्या बायकोचं, कावेरीकाकूंचं, कैरीचं लोणचं. वैद्यांनी लोणचं पातेल्यात उपसलं. बरणी नीट विसळली नाही म्हणून काकूंना दोन शब्द ऐकवले. काकूंनी ती पुन्हा विसळून दिली. त्या घरात बोलायचं काम वैद्यांकडे होतं.

मोठा पाहुणचाराला गेला आणि इकडे धाकट्यासाठी सुंगटाचा तुकडा कडू किराइताच्या काढ्यात बुडवून पेटीत सोडला. धाकट्याने तो मटकावला! तिसऱ्या प्रहरी तो पेटीभर हिंडू लागला. हरिश्चंद्राचे डोळे भरून आले. वैद्य बाजारातून मुद्दाम डॉक्टराच्या दवाखान्यावरून घरी गेले.

गुण आला म्हणून मोठ्याला परत आणलं, आणि दुसऱ्या दिवशी धाकटा पुन्हा कोपऱ्यात. वैद्य म्हणाले, दुखणं उलटलं, काढा कडक हवा. मोठा पुन्हा बरणीत, धाकटा पुन्हा बरा. मोठा परत, धाकटा आडवा. काढा इतका कडू झाला की पेटीतलं पाणी चहासारखं दिसू लागलं आणि जानकीला बादल्यांच्या दुप्पट खेपा पडू लागल्या. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी तसा हा प्रकार. पण कावळ्याला वाटत होतं, फांदी आपणच मोडली.

एकदा मात्र घोळ झाला. मोठ्याला बरणीत घातलं आणि पाहतात तर काढ्याची बाटली वैद्यांच्या घरीच राहिलेली. कोणी जाऊन आणेपर्यंत आनंदीबाईने नुसताच तुकडा टाकला आणि धाकट्याने तो काढ्याशिवाय खाल्ला. वर आणखी मागायला काचेशी आला.

दुसरा कोणी असता तर गप्प राहून श्रेय खिशात घालता. पण वैद्य कितीही बढाईखोर असले तरी त्यांना एकदा कोडं पडलं की चैन पडत नसे. त्यांनी मोठ्याला पेटीत परत सोडायला लावलं आणि काचेला नाक लावून बसले. दुपारचं जेवण आलं, तसंच परत गेलं. धाकट्याच्या अंगावर डाग नव्हता, बुरशी नव्हती, कल्ले संथ हलत होते. भूकही होती, तुकडा पडला की तो निघायचा. पण निघाला रे निघाला की मोठा बाणासारखा यायचा, शेपटीला चावा घ्यायचा, त्याला कोपऱ्यात हाकलायचा आणि मग स्वतः सावकाश जेवायचा. वैद्य भान हरपून बघत राहिले. मग त्यांनी धाकट्यालाच बरणीत घातलं. बरणीत तो पोटभर जेवला.

वैद्य उठले. एवढा आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता. ओसरीवर जमलेल्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "हेका कायएक रोग नाय. ह्यो मोठो हेका खावक दिणा नाय, बसाक दिणा नाय. घरातल्या जाचान जीव झिजलो आसा. तेका काढो काय करतलो?"

दारात बादली घेऊन उभ्या असलेल्या जानकीने बादली खाली ठेवली आणि पदर तोंडाशी धरला. ही जानकी गेलं वर्षभर वैद्यांचाच काढा पीत होती. अन्न अंगी लागत नाही ही तक्रार. फोंडाघाटला माहेरी गेली की गुटगुटीत होऊन यायची, आणि वैद्य म्हणायचे, फोंड्याचं पाणी चांगलं.

"वैद्यानू," आनंदीबाई म्हणाली, "ह्या कोणाक बोललास?"

"माशाक."

"माशाच्या घराक जाच म्हणत नाय कोण."

झालं! हरिश्चंद्राने धाकट्यासाठी दुसरी पेटी करायला टाकली, मासा वाचला, वैद्यांचं नाव झालं, पण भलत्याच ठिकाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या ओसरीवर धुरीवाड्यातल्या सुना येऊन बसल्या. पुढे जानकी. नाडी बघा आणि घरी निरोप द्या, की हिला रोग नाही, एवढंच त्यांचं मागणं. वैद्यांनी नाड्या पाहिल्या. एकीलाही रोग नव्हता! त्यांना खोटं सांगवेना आणि खरंही सांगवेना. तोवर घरोघरच्या सासवांना वार्ता लागली. वैद्यांकडे तांदूळ-नारळ यायचे ते ह्या सासवांच्या हातचे. त्या साऱ्याजणी उठल्या आणि आनंदीबाईला पुढे घालून बाजारात सुई टोचून घ्यायला गेल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दिवेलागणीला ओसरी रिकामी झाली. वैद्य चटईवर डोकं धरून बसले होते. तेवढ्यात कावेरीकाकू आतून आल्या, पदराला हात पुसले, रोगी बसतात तिथे समोर बसल्या आणि मनगट पुढे केलं.

"माजी पण बघा."

वैद्यांनी नाडी धरली. नाडी स्वच्छ चालली होती.

"काय होता तुका?"

"जेवण जाणा नाय," काकू म्हणाल्या. "तुमी घरात नसलास की मगे जाता."

वैद्यांनी मनगट सोडलं नाही. ते काकूंच्या तोंडाकडे बघत राहिले. पेटीपुढे बसले होते तसेच.

"पित्त आसा," ते म्हणाले, आणि सुंठीची पुडी बांधायला घेतली.